उणे अठरा

किसुमूत, डुंगाच्या धक्क्यामागे
आमचं ऑफिस : पत्र्याची खोली, दोन पंखे,
आणि भिंतीवर स्क्रीन.
सरोवराकाठचे चाळीस फ्रीझर, चाळीस हिरवे ठिपके,
प्रत्येकाखाली एकच आकडा. उणे अठरा.

मी हिशेब लिहिते.
दर महिन्याच्या पाच तारखेला अवुओर सांगते, मी टाइप करते,
पत्र जातं बर्गेनला, एस्किलकडे,
ज्याच्या पैशावर ह्या पेट्या थंड आहेत.
विक्री वाढली. दोन धक्के नवे जोडले. सगळे उत्साहात.
बेरजेत असतो तसा
प्रत्येक पत्रात एक हातचा असायचा,
उत्तरात न दिसणारा.

ऑगस्टात मामा रोसालिया आली.
बोलली नाही. टोपली उपडी केली, थेट माझ्या वहीवर.
न्गेगे मासे, डोळे दुधाळ, पोटं फुगलेली.
मी स्क्रीनकडे बोट दाखवलं : बघा, उणे अठरा.
तिने एक मासा उचलून काचेला लावला.
"वास घे म्हणावं तुझ्या आकड्याला."

ओकुमूने तारा तपासल्या, संध्याकाळी सांगितलं :
बॅटरी मेली की सेन्सर गप्प होतो,
आणि स्क्रीन शेवटचा चांगला आकडा दाखवत राहते.
खोटं नाही बोलत.
जुनं बोलते.
अशा अकरा पेट्या.

अवुओर हसली, मग हसायची थांबली.
"मी मार्चपासून हेच करतेय."

पहिल्या पत्रात होत्या काही तांत्रिक अडचणी.
दुसऱ्यात सगळा दोष बॅटरीवाल्यांचा.
मी म्हटलं, झाकली मूठ राहू दे, पुढचा हप्ता येऊ दे.
तिने स्वतःची मूठ नाकाशी नेली.
"झाकलीय. तरी येतोय."
तिसरं पत्र रात्री दोनला गेलं :
अकरा बंद. कधीपासून, माहीत नाही.
मासेवाल्या बायकांचे सहा लाख शिलिंग देणं आहे.
पगार सात आठवडे पुरतील.

मग चार दिवस काही नाही.
चार दिवस मी एस्किलचा चेहरा आठवत होते.
जानेवारीत आला होता. खुर्ची दिली तर नको म्हणाला,
उलट्या क्रेटवर बसला, कुणाची तरी सुरी मागून
एक मासा साफ केला, सफाईनं.
आजोबा कॉड वाळवायचे म्हणाला.
आणि त्याच आवाजात, सुरी पुसता पुसता,
सातव्या वर्षी पैसे किती पट होतील ते विचारलं.

पाचव्या दिवशी उत्तर.
सात आठवडे, नव्या बॅटऱ्या धरून की सोडून?
बायकांचे पैसे आधी दे.
पुढचा हप्ता मी थांबवतोय, त्याबद्दल वाद नको.
मग एक रिकामी ओळ. मग :
मला मे महिन्यातच दिसलं होतं.
चाळीस पेट्या, आणि एक दिवसही उणे सतरा नाही?
असं कुठलंच यंत्र नसतं.
मी विचारलं नाही.
मलाही कुणाला तरी हिरवे ठिपके दाखवायचे होते.

अवुओरने ते दोनदा वाचलं.
तिला राग आला, की हलकं वाटलं,
मला कळलं नाही. मी विचारलंही नाही,
आणि मग लक्षात आलं की विचारायला हवं होतं.

आता सेन्सर गप्प झाला की
ठिपका करडा होतो आणि खाली येतं : माहीत नाही.
ओकुमूला ह्या दोन शब्दांसाठी आठवडा लागला.
कधी तीन पेट्या माहीत नाही, कधी नऊ.
पाच तारखेचं पत्र तिथूनच सुरू होतं.
हप्त्याचं विचाराल, तर तोही करडा.

काल मामा रोसालिया परत आली.
पेटी उघडली, बाही सारली,
कोपरापर्यंत हात आत घातला
आणि तसाच ठेवला, ओठांनी मोजत,
कितीपर्यंत ते मला ऐकू आलं नाही.
मग हात काढला, लाल झालेला,
आणि टोपलीतले अर्धे मासे आत ठेवले.
अर्धे परत घेऊन गेली.
स्क्रीनकडे तिने पाहिलंच नाही.